.२२ पिस्तुलाला तेल कुठलं, किती आणि नक्की कुठे? (पावसाळा तोंडावर आलाय)

करवीर_२५मी
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण इतक्या जणांनी इतकं वेगवेगळं सांगितलंय की डोकं फिरलंय. मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते, .२२ सेमी-ऑटो. आजवर क्लबचं हत्यार वापरत होते, त्याची साफसफाई तिथले दादाच करायचे, आता स्वतःचं लायसन्सवर चढलंय आणि घरच्या कपाटात येऊन बसलंय तर तेल कुठलं घ्यायचं इथपासून सुरुवात आहे. एक सीनियर म्हणतो पिस्तूल तेलात न्हाऊन निघालं पाहिजे, ठिबकलं तरी बेहत्तर. दुसरी म्हणते .२२ ला तेल म्हणजे विष, कोरडंच ठेव. कंपनीच्या पुस्तकात "हलक्या तेलाचे थोडे थेंब" एवढंच लिहिलंय, थोडे म्हणजे किती आणि कुठे ते त्या चित्रावरून काही कळत नाही.

दुकानदाराने बॅलिस्टॉल, ब्रेक-फ्री, हॉप्पीज अशी तीन नावं सांगितली, बाबा म्हणतात शिलाई मशीनचं तेल घरात आहे तेच लाव, आणि आजी म्हणते खोबरेल लाव, आजोबांच्या बंदुकीला तेच लावायचे. ग्रीस लावायचं का हा आणखी वेगळा प्रश्न. आमच्याकडे जूनपासून जी झड लागते ती तुम्हाला माहितीच आहे, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर लोखंडाचं काय. आणि सगळं जमून आलं तर डिसेंबरात दिल्लीला जायचंय, तिथल्या थंडीत काही बदलायचं असतं का?

सुसाट_राजा
डब्ल्यूडी-४० मार, विषय संपला. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मी बुलेटच्या चेनपासून घराच्या कड्यांपर्यंत तेच वापरतो, उगा इंपोर्टेड बाटल्यांना पैसे घालू नकोस.

जुना_आर्मरर
राजा, बुलेटचं बुलेटला ठेव बाबा.

पोरी, मी फौजेत आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, ईएमई मधून (फौजेची यंत्रं-हत्यारं सांभाळणारी शाखा) रिटायर झालो, आता सातारला असतो. हत्यारं साफ करण्यात आणि दुसऱ्यांनी साफ केलेली तपासण्यात आयुष्य गेलं. तुझ्या प्रश्नाला उत्तर देतो पण आधी एक गोष्ट, तुला माहीत असेल तरी सांगणार कारण हे वाचणारा प्रत्येक जण रेंजवर शिकलेला नसतो. मॅगझिन बाहेर, बोल्ट (मागेपुढे पळणारा लोखंडी ठोकळा) मागे, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो तिथे, डोळ्याने बघायचं आणि मग करंगळीने चाचपायचं. राउंड म्हणजे काडतुसं ज्या खोलीत आहेत त्या खोलीत साफसफाई करायची नाही. जेवणाच्या टेबलावर तर नाहीच, .२२ ची गोळी उघड्या शिशाची असते आणि प्रायमरमध्येही शिसं असतं, ती काळी पूड चिंधीवर येते, हातावर येते. घरात लहान पोरं असली तर चिंध्या पिशवीत बांधून टाकायच्या. काम झाल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे.

आता तेल. तुझे दोन्ही सीनियर अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच तुझा गोंधळ होतोय. पिस्तुलात काही जागा ओल्या लागतात आणि काही जागा ठार कोरड्या लागतात. एकाने ओल्या जागा धरल्या, दुसरीने कोरड्या.

ओल्या जागा कुठल्या ते तुला तुझं हत्यारच सांगेल. साफ करताना बोल्ट बाहेर काढ, उजेडात तिरपा धर आणि बघ. जिथे रंग घासून लोखंड चकाकतंय तिथे धातूवर धातू घासतोय, तिथे तेल पाहिजे. बाकी ठिकाणी गंजापुरता नुसता हात फिरवायचा. स्पोर्ट पिस्तुलात बहुतेक करून बोल्ट ज्या खाचेत मागेपुढे पळतो त्या खाचेच्या दोन्ही कडा, बोल्टची खालची बाजू जी मागे जाताना हॅमरला दाबते, आणि बोल्टला परत पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचा दांडा. एवढंच. बाटलीतून सरळ ओतायचं नाही. इंजेक्शनची सिरिंज घे, जाड सुई लाव, तिच्या टोकाने एकेका कडेला एक थेंब ठेव आणि कापसाच्या काडीने लांबवर ओढ. मग जोडून बोल्ट हाताने दहा-बारा वेळा मागेपुढे कर. जे कडेने बाहेर येईल ते जास्तीचं, ते पुसून टाक. नंतर बोट लावलंस तर ओलसर लागलं पाहिजे पण थेंब दिसता कामा नये. "थोडे म्हणजे किती" याचं माझ्याकडे एवढंच माप आहे.

कोरड्या जागा: नळी, चेंबर, बोल्टचं तोंड, फायरिंग पिनचं भोक, मॅगझिन. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी हमखास भलतीकडे जाते, म्हणून रेंजवर जाण्याआधी एक कोरडी चिंधी नळीतून ओढायचीच. चेंबर ओलं राहिलं तर केस, म्हणजे राउंडची पितळी नळकांडी, भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. फायरिंग पिनच्या भोकात तेल गेलं की तिथे दारूची राख जमून चिखल होतो आणि पिन मंद पडते, मग राउंड वाजत नाही आणि तू बिचाऱ्या राउंडला शिव्या घालतेस. मॅगझिन आतून ओलं असेल तर धूळ धरतं, वर ते तेल राउंडला लागतं, पातळ तेल प्रायमरपर्यंत झिरपलं तर राउंड मेला.

आणि ट्रिगर युनिट. त्यात तेल ओतणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत. तुमच्या खेळात १००० ग्रॅमचं वजन उचलून ट्रिगर तपासतात, तो सीअर (हॅमरला अडवून धरणारा खटका) कंपनीने बसवून दिलाय, त्याला ब्रशने झाडायचं आणि पुस्तकात सांगितलं असेल तरच काडीच्या टोकावर येईल एवढं तेल. पुढे उघडायचं झालं तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जायचं.

डब्ल्यूडी-४० चं सांगतो. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, पाणी हटवण्यासाठी, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे तेच आणि ४० म्हणजे चाळिसाव्या खटपटीला जमलं म्हणून. अॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये हे त्याचं पहिलं काम. ते काम ते उत्तम करतं. हत्यार पावसात भिजलं तर मी स्वतः आधी तेच मारेन. पण त्याचा पातळ भाग उडून जातो आणि मागे जो थर राहतो तो घासणाऱ्या कडांना पुरत नाही, त्यावर परत परत मारत गेलं की चिकट पिवळा थर चढतो. म्हणजे पाणी हटवायला मारा, पुसा, आणि मग खरं तेल लावा.

सुसाट_राजा
काका नमस्कार घ्या, चेन पुरतंच ठेवतो 🙏

लेथवाला_शिरोली
आर्मररकाकांनी जागा सांगितल्या, मी तेलाचं सांगतो कारण माझा धंदाच मशिनिंगचा आहे, पिस्तूल माझ्या मेव्हण्याचं, पण तेल ते तेल.

ताई, ब्रँडच्या आधी जाडी बघ. इंडस्ट्रियल तेलाच्या डब्यावर व्हीजी म्हणून नंबर असतो, १०, २२, ३२, ६८, २२०. तो नंबर म्हणजे ४० डिग्रीला ते तेल किती दाट आहे त्याचं माप. १० नंबर म्हणजे स्पिंडल ऑइल, जवळपास रॉकेलसारखं पळतं. शिलाई मशीनचं तेल साधारण १० ते २२ च्या पट्ट्यात येतं. आम्ही लेथच्या बेडला स्लाइडवे ऑइल घालतो ते ६८ किंवा २२०, त्यात चिकटपणासाठी वेगळं औषध घातलेलं असतं म्हणून ते उभ्या पृष्ठभागावरून सुद्धा ओघळत नाही. गाडीचं ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल ४० डिग्रीला साठच्या आसपास बसतं.

आता तुझं हत्यार .२२ चं. त्याचा बोल्ट मागे ढकलायला त्या बारक्या राउंडची ताकद ती केवढी. त्याला ६८ नंबरचं चिकट तेल किंवा ग्रीस घातलंस तर बोल्ट पूर्ण मागे जाणार नाही, रिकामी केस बाहेर पडायच्या दारात अडकेल. म्हणून पुस्तकात "हलकं तेल" म्हटलंय. ९ एमएमला मात्र जाड तेल, ग्रीस सगळं चालतं, तिथे स्लाइड वजनदार आणि धक्का मोठा. लोक एकमेकांचे सल्ले ऐकतात पण समोरच्याचं कॅलिबर विचारत नाहीत, अर्धी भांडणं त्यातूनच होतात.

तर बाबांचं शिलाई मशीनचं तेल चुकीचं अजिबात नाही, घासणाऱ्या कडांना ते मस्त काम करेल. त्याची खोट एवढीच की त्यात गंजाविरुद्ध फार काही घातलेलं नसतं आणि पातळ असल्याने ते काही दिवसात खाली उतरतं. पावसाळ्यात ती खोट महागात पडते.

खोबरेल मात्र नको. आजीला सांग रागवू नको पण खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, आणि जुनं झालं की खवट होऊन लाखेसारखं बसतं. जवसाचं तेल तर त्याहून वाईट, ते हवेत सुकून कडक होणारंच तेल आहे, लाकडाच्या दस्त्याला ठीक, यंत्रात नाही. आजोबांची बंदूक बहुधा बारा बोअर असेल, तिच्यात आपोआप पळणारं काही नसतं त्यामुळे खपून गेलं.

अजून एक. .२२ ला राख फार होते, वर गोळीला मेणासारखं वंगण असतं, न जळालेली दारू असते. हे सगळं जास्तीच्या तेलात मिसळलं की लॅपिंग कंपाउंड तयार होतं, आमच्याकडे ते विकत आणून मुद्दाम लोखंड झिजवायला वापरतात. म्हणून जुन्या काळ्या तेलावर नवीन तेल घालणं हा प्रकार बंद. आधी पुसा, मग घाला.

ह्यूस्टनकर
मी मूळचा नाशिकचा, इकडे टेक्सासमध्ये ग्लॉक १९ आहे, ९ एमएम, त्यामुळे लेथवाला म्हणतात तसं माझं कॅलिबर आधी सांगून टाकतो 😄

इकडे या विषयावर लोक राजकारणापेक्षा जास्त भांडतात. महिन्याला नवीन बाटली बाजारात येते, आत काय आहे ते कोणी सांगत नाही, बाहेर कवटीचं चित्र. मी ग्लॉकचं पुस्तक वाचलं तेव्हा हसू आलं कारण तिथे मोजून काही थेंब सांगितलेत, नळीच्या बाहेरून, नळीच्या वरच्या चौकोनी भागाला, स्लाइडच्या आतून जिथे नळी घासते तिथे, स्लाइडच्या दोन्ही खाचांना, आणि एक थेंब फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात जिथे ट्रिगर बारचं टोक कनेक्टरला टेकतं. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच विसरतात, मग ट्रिगर जड झाला म्हणून नवीन ट्रिगर मागवतात. स्ट्रायकरच्या (ग्लॉकमधली फायरिंग पिन) नळीत काहीही घालू नका असंही स्पष्ट आहे. आणि नवीन पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये तांब्याच्या रंगाचं ग्रीस दिसतं ते घाण समजून पुसू नका, कंपनीने मुद्दाम लावलेलं असतं, सुरुवातीला कडा एकमेकींना बसेपर्यंत.

याउलट माझ्या मित्राकडे सिग पी२२६ आहे, त्याची फ्रेम अॅल्युमिनियमची आणि स्लाइड स्टीलची. तिथे खाचांना ग्रीसच लावतात, कारण अॅल्युमिनियम मऊ, एकदा खरवडलं की गेलं. इकडे सोपा नियम सांगतात, सरकतं तिथे ग्रीस, फिरतं तिथे तेल. मोठ्या पिस्तुलाला हा नियम बरा आहे, .२२ ला तो जसाच्या तसा लावू नकोस.

ब्रेक-फ्री वगैरेंना इकडे सीएलपी म्हणतात, म्हणजे साफ करणं, वंगण देणं आणि गंज अडवणं तिन्ही एकाच बाटलीत. अमेरिकन सैन्याचं त्यासाठी मिल-पीआरएफ-६३४६० नावाचं स्पेसिफिकेशन आहे, बाटलीवर तो नंबर दिसला तर निदान कुठल्या तरी परीक्षेत पास झालेलं तेल आहे एवढी खात्री. तिन्ही कामं ते करतं पण तिन्हीत पहिला नंबर नाही. नवशिक्याला एकच बाटली घ्यायची असेल तर मी तीच सांगेन. हॉप्पीजचं नाइन हे मुळात नळीतली घाण सोडवणारं सॉल्व्हंट आहे, १९०३ पासून चालत आलेलं, ते तेल म्हणून लावून ठेवायचं नसतं, लावा, थांबा, पुसून काढा. हॉप्पीजचं तेल वेगळं मिळतं, बाटली बघून घे नाहीतर दुकानदार भलतीच हातात ठेवेल.

करवीर_२५मी
बाप रे, एवढं सगळं! आर्मररकाका, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं बोल्ट खिडकीत तिरपा धरून बघितला, डावी कड उजवीपेक्षा जास्त चकाकतेय, हे ठीक आहे का? आणि बोल्टच्या खालच्या बाजूला मधोमध एक चकाकता पट्टा आहे, तो हॅमरचाच असणार.

बॅलिस्टॉलबद्दल कोणीच बोललं नाही, दुकानदार तेच घ्या म्हणत होता. आणि साठवणीचं राहिलंच, पावसाळ्यात आमची रेंज अधूनमधून बंद असते तेव्हा हत्यार बरेच दिवस पडून राहतं.

जुना_आर्मरर
एक कड जास्त घासणं नेहमीचं आहे. बोटाच्या नखाने आडवं ओढून बघ, नख अडकलं तर दाखवून घे, नुसती चकाकी असेल तर त्या कडेला थेंब न विसरता दे. पट्टा हॅमरचाच.

बॅलिस्टॉल जुनं जर्मन तेल आहे, १९०४ चं, तिथल्या सैन्यासाठीच बनवलेलं. पांढऱ्या शुद्ध मिनरल तेलावर बनतं, थोडं अल्कलाइन असतं, पाण्यात मिसळलं की दुधासारखं होतं. लोखंड, लाकूड, चामडं तिघांना चालावं हा उद्देश. .२२ साठी पातळपणा योग्य आहे, माझी हरकत नाही. वास काहींना आवडतो, काहींना घराबाहेर काढतो. घरच्यांना आधी विचार.

आमच्या वेळी ९ एमएमचं १ए पिस्तूल होतं, इशापूरचं, ब्राउनिंगच्या घराण्यातलं. कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, पन्नास हत्यारं आणि एकच तेलाचा डबा, पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) आणि चिंधी. त्यावर सगळं चालायचं. हत्यार अडलं तर तेलाच्या ब्रँडमुळे अडलेलं मी कधी पाहिलं नाही, कुणीतरी पुसलेलं नसायचं नाहीतर कुणीतरी ओतलेलं असायचं.

पुलथ्रूवरून आठवलं, नळी साफ करताना दोरी किंवा दांडा चेंबरच्या बाजूने घाल. तोंडाच्या बाजूने दांडा घालून कड घासली तर नळीचं तोंड बिघडतं आणि अचूकता तिथेच असते. .२२ ची नळी रोज रोज खरवडायची गरज नसते, मऊ शिसं आहे, तू बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी केस ओढून काढणारी) नखी आणि चेंबरची कड ही तीन ठिकाणं प्रत्येक सरावानंतर ब्रशने साफ केलीस तर बाकीचं सांभाळून घेईल. एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली मेण आणि राख घट्ट बसते, टूथपिकने काढ. लाकडी टूथपिकने, टाचणीने नाही.

दापोलीकर
साठवणीचं मी सांगतो, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, गंज हा आमचा सख्खा शेजारी. माझ्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ आहे.

पहिली गोष्ट, चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नकोस. दिसायला छान दिसतं पण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, महिनाभराने बाहेर काढलं की होल्स्टरच्या शिवणीची नक्षी स्लाइडवर उमटलेली असते. ज्या फोमच्या पेटीत पिस्तूल विकत मिळतं तो फोमही तसाच, प्रवासापुरता ठीक.

दुसरी, हाताचा घाम. काही लोकांचा घाम असा असतो की बोटाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होतात. हत्यार हाताळून परत ठेवताना तेलाच्या चिंधीने पूर्ण पुसायचं, आणि पुसल्यावर नुसत्या हाताने परत धरायचं नाही, चिंधीतच धरून ठेवायचं. हे लोक विसरतात.

तिसरी आपल्याकडचीच. खंडेनवमीला हत्यार पूजेला मांडतात, घरोघरी. ओलं गंध, हळद-कुंकू, फुलं, वर पाण्याचं प्रोक्षण, आणि मग ते तसंच दसऱ्यापर्यंत पाटावर. ब्लूइंग केलेल्या (निळसर-काळा थर चढवलेल्या) लोखंडावर ओली झेंडू रात्रभर राहिली की तिथे डाग पडलाच म्हणून समज. आम्ही आता हत्यार कापडात गुंडाळून मांडतो, गंध-फुलं कापडावर. आई पहिल्या वर्षी कुरकुरली, भटजींनी काही हरकत घेतली नाही. मॅगझिन काढून, राउंड दुसऱ्या खोलीत, हे वेगळं सांगायला नको.

चौथी निवडणूक. आचारसंहिता लागली की नोटीस येते आणि हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. खेळाडूंना अर्ज केला तर सूट मिळते, तुझ्या क्लबला विचार. पण जमा करायची वेळ आलीच तर ते किती दिवस तिथे राहील आणि कोण बघेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून त्या वेळी थेंबाचा हिशोब सोडून द्यायचा. बाहेरून आतून जाड गंजरोधक तेलाचा किंवा पातळ ग्रीसचा थर, नळीतसुद्धा, मग तेलकट कागदात गुंडाळून पिशवीत. परत आणल्यावर मात्र ते सगळं पुसून काढल्याशिवाय एकही राउंड मारायचा नाही, नळीत ग्रीस असताना मारणं धोक्याचं. मी पिशवीवर मोठ्या अक्षरात "नळीत ग्रीस आहे" अशी चिठ्ठीच चिकटवतो.

लेथवाला_शिरोली
दापोलीकर, तेलकट कागदाच्या जागी व्हीसीआय कागद वापरून बघा. चाकण-भोसरीकडे पार्ट पाठवताना आम्ही मशिनिंग केलेले जॉब त्यातच गुंडाळतो, कागदातून जी वाफ निघते ती लोखंडावर थर धरते. पिशवी बंद असली पाहिजे, उघड्यावर उपयोग नाही. कुठल्याही एमआयडीसीतल्या पॅकिंगवाल्याकडे मिळतो, रोल घ्यावा लागला तरी चार जणांत वाटून घ्या.

ताई, तुझ्या कपाटाला सिलिका जेल. केशरी दाण्यांचं घे, ओल पिऊन रंग बदलला की कढईत मंद आचेवर परत सुकवता येतं. शंभर ग्रॅमची पुडी एवढ्या मोठ्या लोखंडी कपाटाला पुरणार नाही, त्यापेक्षा हवाबंद डबा घे, त्यात हत्यार आणि पुडी ठेव, डबा कपाटात कुलपात.

ह्यूस्टनकर
एक जोड देतो, आजीच्या खोबरेलावरून आठवलं. इकडे मध्यंतरी वनस्पती तेलापासून बनवलेल्या, वास न येणाऱ्या, "विषमुक्त" बाटल्यांची टूम आली होती. माझ्या रेंजवर एकाने कपाटात पिस्तूल ठेवून हिवाळा काढला, वसंतात स्लाइड मागे ओढायला दोन माणसं लागली 😂 साठवायचं असेल तर मिनरल किंवा सिंथेटिक, खाण्याच्या तेलाच्या नात्यातलं काही नको.

करवीर_२५मी
दापोलीकर, खंडेनवमीचं वाचून आईला दाखवलं, ती म्हणाली आमच्याकडे पण कापडातच ठेवू 😀

दिल्लीचं राहिलंय. आणि रॅपिडमध्ये (आमच्या मॅचचा झटपट मारायचा भाग) ३ सेकंदांत हात वर आणून मारायचं असतं, मधे ७ सेकंद, तिथे बोल्ट जरा मंद झाला तरी मनात धास्ती बसते. करणी सिंग रेंजवर डिसेंबरच्या सकाळी बोटं गार पडतात म्हणे, तेल पण गार पडणार ना?

जुना_आर्मरर
पडणार, पण तू लेह-लडाखला जात नाहीयेस. तिकडे आम्ही हत्यार जवळपास कोरडं पुसून ठेवायचो, दाट तेल गोठून बोल्ट जागेवरून हलत नाही. राजस्थानात पण कमीच, तिथे रेती तेलाला चिकटते. दिल्लीच्या थंडीला पातळ तेलच पुरेसं आहे, म्हणजे तुझं रोजचं. फक्त जाण्याआधी इथे सगळं पूर्ण पुसून काढ, पावसाळ्यात साठवणीसाठी काही दाट लावलं असशील तर त्याचा अंशही राहू देऊ नको, आणि नवीन पातळ तेल लावून इथेच रेंजवर निदान एक पूर्ण सराव मार. नवीन तेल, नवीन बाटली, नवीन प्रयोग मॅचच्या गावी जाऊन करायचा नाही.

आणखी एक थंडीची गोष्ट. हत्यार बाहेरच्या गारठ्यातून गरम खोलीत आणलं की त्यावर दव धरतं, आतल्या बाजूनेही. पेटी लगेच उघडायची नाही, तासभर बंद पेटीत खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग उघडून पूस. लोक खोलीत आल्या आल्या पेटी उघडतात आणि पुसून परत बंद करतात, आतलं पाणी तसंच राहतं.

रॅपिडची धास्ती तेलाने जाणार नाही, ती सरावाने जाईल, पण मॅचच्या सकाळी एवढं कर: नळीतून कोरडी चिंधी, चेंबर कोरडं, बोल्टच्या दोन कडांना हात फिरव आणि ओलसर आहेत का बघ, नसतील तर काडीने एकेक थेंब. सावकाश मारायचे ३० प्रिसिजनचे आणि ३० रॅपिडचे राउंड, यांच्या मधे वेळ मिळाला तर बोल्टचं तोंड ब्रशने झाड. तेल मधे घालू नको.

ह्यूस्टनकर
विमानाने जाणार असशील तर स्प्रेचा डबा घेऊ नकोस, तो पेट घेणारा असल्यामुळे चेक-इनमध्येही काढून ठेवतील. बाटलीतलं तेल घ्यायचं असलं तरी एअरलाइनला आधी विचार. हत्यार आणि राउंडची परवानगी, कागदपत्रं तर वेगळीच, ते क्लबवाल्यांना माहीत असेल.

करवीर_२५मी
रेल्वेनेच जाणार आहोत, सगळी टीम. बरं, मग ठरवलं ते असं, बॅलिस्टॉलची छोटी बाटली रोजच्यासाठी, स्प्रे नाही. सिरिंज मेडिकलमधून आणली. हवाबंद डबा आणि सिलिका जेल या रविवारी. ट्रिगर युनिटला हात लावत नाही. शेवटचा प्रश्न, लाकडी ग्रिपला बॅलिस्टॉल लावू का? माझी अक्रोडाची आहे आणि घामाने वरचा रंग उडायला लागलाय.

दापोलीकर
लाकडाला चालतं पण तळव्याच्या जागी लावलंस तर हात सरकेल, स्पर्धेच्या पिस्तुलाला ते नको. तेल लावताना ग्रिप काढूनच ठेव, बोल्टमधून ओघळलेलं तेल लाकडात मुरलं की लाकूड काळं आणि मऊ पडतं. रंग उडालेल्या जागी घासकागदाने खरखरीत केलेलंच बरं, बरेच खेळाडू तसंच वापरतात.

लेथवाला_शिरोली
आणि सिरिंजवर "तेल" लिहून ठेव गं, घरात आजी आहे.